कुंती लावायची तर मोसंबीला विचारून

कुंती हे कुंपणाला लावायचं झुडूप, पण गोष्ट सुरू होते दुसऱ्याच झुडपापासून. माझी भाची अमेरिकेत फ्लोरिडाला असते. तिनं एकदा घराच्या कुंपणाचा फोटो पाठवला. पुरुषभर उंचीची गर्द हिरवी भिंत, वरून कातरून सरळ केलेली, आतलं काही दिसायचं नाही. खाली लिहिलं होतं, "मामा, याला व्हायबर्नम म्हणतात. पांढरी फुलं येतात, वास येतो. आपल्या अंबडच्या घराला लावा ना."

मी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. हातात आलेली नोट आधी उजेडात धरून बघायची, ही सवय. पण भाचीच्या फोटोला भुललो आणि मोठ्या शहरातल्या एका रोपवाटिकेतून व्हायबर्नम म्हणून दोन रोपं आणली, साडेचारशेला एक. फेब्रुवारीत लावली. मार्चभर पोपटी पालवी फुटत होती आणि मी गल्लीतल्या लोकांना बोलावून बोलावून दाखवत होतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या झाल्या. एक रोप तिथंच गेलं. दुसरं कुंडीत काढून कडुलिंबाच्या सावलीत ठेवलं, ते पावसाळ्यात जरा सावरलं, मग पिवळं पडत पडत दिवाळीला संपलं.

त्यात रोपाचा दोष नाही. फ्लोरिडात पाऊस आपल्या दुप्पट, हवा बारा महिने दमट, जमीन वाळूची. आमच्याकडे वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत आटपणारा, मेमध्ये पारा ४२च्या वर आणि दुपारचा वारा भट्टीतून आल्यासारखा. जमीन काळी, चुनखडीची. व्हायबर्नमच्या थंड मुलखातल्या जाती तर पानं झाडून हिवाळा काढतात, त्यांना ती थंडी लागतेच. त्यातल्या बऱ्याच जातींचं बी आधी उबेत, मग थंडीत राहिल्याशिवाय उगवत नाही, त्यात वर्ष-दीड वर्ष जातं. महाबळेश्वरात कुणी लावत असेल तर मी आड येणार नाही. मराठवाड्यात हौस फिटत नसेल तर एकच रोप घ्या, मोठ्या कुंडीत लावा, सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल तिथं ठेवा. कुंपणाचं स्वप्न त्याच्या जिवावर बघू नका.

मला हवं होतं ते एवढंच: बारा महिने हिरवं, दाट, पांढऱ्या वासाच्या फुलांचं, मागाहून लाल फळं धरणारं झुडूप. ते आपल्याकडे आहे. त्याचं नाव कुंती. रोपवाटिकेत कुंती मागितली तर पोरगं तोंडाकडे बघतं. तिथं कामिनी म्हणा, नाही तर मधुकामिनी. बुकेवाले फुलांच्या मागं जो चकचकीत बारीक पानांचा पाला खोचतात, तो बहुतेक वेळा हिचाच.

माझी तिची ओळख मुक्कामाच्या गाडीत झाली. रात्री साडेनऊला गाडी गावात पोचायची, ड्रायव्हर आणि मी गाडीतच आडवे व्हायचो, सकाळी सहाला परतीची फेरी. एका गावात शाळेच्या कुंपणापाशी गाडी लागायची. श्रावणातली गोष्ट, पाऊस थांबलेला, खिडक्या उघड्या आणि असा वास आला की मला वाटलं मागच्या सीटवर कुणी तरी गजरा विसरून गेलं. बॅटरी घेऊन सगळ्या सीट तपासल्या. ड्रायव्हर झोपेतून म्हणाला, "अहो ते झाड हाय बाहेर. झोपा." सकाळी बघतो तर कुंपणाखाली पांढऱ्या पाकळ्यांचा सडा. त्याच झुडपाची लाल फळं पुढं हिवाळ्यात खिशात घालून आणली. माझं आजचं कुंपण त्या खिशातनं आलेलं आहे.

घराणं ओळखा, पुढचं सोपं जातं

कुंतीचं एक पान तोडून उन्हाकडे धरा. बारीक बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. चुरगाळलं की लिंबाच्या जवळचा वास येतो. लिंबू, मोसंबी, संत्रं, कढीपत्ता, बेल, कवठ ही सगळी एका कुळातली आणि कुंती त्यांचीच भाऊबंद. काटे नाहीत, फळ खायचं नाही, बाकी स्वभाव बराचसा मोसंबीचा. आमच्या जालना जिल्ह्यात मोसंबी समजणारी माणसं घरोघर आहेत, तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. त्यामुळं कुंतीचं काहीही अडलं की मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: इथं मोसंबी असती तर काय केलं असतं? दहातल्या आठ वेळा उत्तर बरोबर येतं.

रोप

विकतचं घेणार असाल तर दोन प्रकार मिळतात. मोठ्या पानाची कुंती पुरुषभर आणि त्याहून उंच जाते, तिलाच वास आणि फुलं भरपूर. बारीक पानाची 'मिनी कामिनी' गुडघा-मांडीइतकी ठेवता येते, वाटेच्या कडेला शोभते. घराचा आडोसा हवा असेल तर मोठ्या पानाचीच घ्या. पिशवी उचलून बुडातून बघा. मुळं बाहेर येऊन गोल फिरली असतील तर ते रोप तिथंच ठेवा, कितीही हिरवं असलं तरी. दीड फुटाचं, खालपासून तीन-चार फांद्या फुटलेलं रोप तीन फुटाच्या एकशिवड्या रोपापेक्षा बरं. कुंपण खालून भरायला हवं. वर ते आपोआप भरतं.

बी लावायचं असेल तर ताजं हवं. फळ लालबुंद झालं की तोडा, गर चोळून धुऊन काढा, आतलं एक-दोन बी सावलीत एक दिवस ठेवा आणि लगेच पेरा. कागदात बांधून पुढच्या मृगासाठी ठेवलेलं माझं पहिलं बी एकही उगवलं नव्हतं. ताज्या बियाला महिनाभर लागतो. कोंब आल्यावरही वर्षभर ते इतकं हळू वाढतं की माणसाचा धीर सुटतो. बियाच्या रोपाला पहिलं फूल यायला माझ्याकडे चौथं वर्ष लागलं.

फांदी लावून बघितली. एका पावसाळ्यात चाळीस छाट लावले, अकरा जगले. गुटी त्याहून खात्रीची. जुलैत पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची बोटाच्या एका पेराएवढी साल गोल काढायची, खालचा बुळबुळीत थर पात्यानं खरवडून टाकायचा, ओलं शेवाळ बांधून वर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळायचं. दोन महिन्यांनी प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. मोसंबीवाल्यांना डोळे भरून कलम करायची सवय, ते मला हसतात. पण कुंपणासाठी गुटी पुरते.

काळी माती आणि हौद

इथं जरा थांबतो, कारण बहुतेकांची कुंती इथंच मरते आणि दोष पाण्याला दिला जातो.

आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. मेमध्ये माझ्या अंगणात अशा भेगा पडायच्या की नातवाचा चेंडू अडकायचा. त्या भेगांत कोवळी मुळं अक्षरशः तुटतात. दुसरी गोष्ट अशी, की काळ्या मातीत खड्डा खणून आत भुसभुशीत पोयटा-खत भरलं की तो खड्डा पावसाळ्यात हौद होतो. भोवतालची माती पाणी सोडत नाही, सगळं पाणी खड्ड्यात उतरतं आणि मुळं बुडून कुजतात. वरून पानं सुकतात. आपण म्हणतो पाणी कमी पडलं, आणि आणखी एक बादली ओततो.

म्हणून आधी परीक्षा घ्या. दीड फूट खोल खड्डा खणून संध्याकाळी काठोकाठ पाणी भरा. सकाळी पाणी दिसत असेल तर त्या जागी गादीवाफा केल्याशिवाय लावायचं नाही.

माझ्या भिंतीची लांबी चाळीस फूट. भिंतीपासून तीन फूट सोडून दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर घेतला. फावड्यानं काळी माती कापली की चराची भिंत सारवल्यासारखी गुळगुळीत होते, मुळं तिला धडकून माघारी फिरतात. ती सब्बलनं खरवडून ओबडधोबड करा. भरताना चराचीच माती दोन घमेली, मुरूम एक घमेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत एक घमेलं, असं मिसळत गेलो आणि चर जमिनीच्या वर अर्धा फूट उंच भरला. पावसानं तो पुढं चार बोटं बसतोच.

तळ्यातला गाळ टाकू नका. शेताला गाळ सोनं आहे, ट्रॉल्या भरभरून नेताना आपण बघतो. पण चरात भरायला तो काळ्या मातीहून चिकट. शेजाऱ्यानं हौसेनं भरला, त्याची सात रोपं पहिल्याच पोळ्यापर्यंत गेली.

कुंपणासाठी दोन रोपांत दोन फूट. माझी चाळीस फुटांत एकवीस बसली. अंगणात एकटं मोठं झुडूप हवं असेल तर चहूकडे तीन-चार फूट मोकळे ठेवा. ऊन किमान अर्धा दिवस लागतं. सावलीत कुंती जगते, हिरवी राहते, पण फुलत नाही. पश्चिमेच्या उघड्या भिंतीपाशी लावली तर पहिले दोन उन्हाळे हिरवी जाळी किंवा गोणपाट बांधायची तयारी ठेवा.

लावणी मृगाच्या पहिल्या पावसावर करू नका. तो पाऊस आमच्याकडे थाप मारून जातो आणि मग पंधरा दिवस तोंड दाखवत नाही. आर्द्रा लागू द्या, दोन चांगले पाऊस होऊ द्या, वीतभर ओल उतरली की मग लावा. पिशवी ब्लेडनं फाडून काढायची, ओढून नाही. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच पुरायचं. खोड वर मातीत गाडलं की ते कुजतं.

पाणी

पहिलं वर्ष जपावं लागतं. पावसानं उघडीप दिली की दोन दिवसांआड, हिवाळ्यात पाच-सहा दिवसांआड, पहिल्या उन्हाळ्यात एक दिवसाआड. ठिबकची नळी टाकली तर प्रत्येक रोपाला ताशी चार लिटरचा एक ड्रिपर, तासभर. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात चौथ्या दिवशी पुरतं.

बुडाशी सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसरा. भेगा पडायच्या थांबतात, पाणी निम्म्यावर येतं. फक्त खोडाला चिकटवू नका, मधे चार बोटं जागा उघडी ठेवा, नाही तर वाळवी भुसकटातून थेट सालीवर चढते.

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. आमच्याकडेही नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नव्हतं. कुंपणाला टँकरचं पाणी घालायची मला लाज वाटली. आंघोळीचं पाणी दिलं, भांड्यांचं खरकटं पाणी गाळून दिलं, आणि एक चूक केली. घरात आरओचं यंत्र होतं, त्यातून बाहेर जाणारं पाणी बादलीत साठवून रोज ओतत गेलो. फुकट जातंय ते झाडाला, असा हिशोब. दोन-अडीच महिन्यांनी पानांची टोकं तपकिरी झाली आणि मातीवर मिठासारखा पांढरा थर आला. ते खरंच मीठ होतं. बोअरच्या पाण्यातले क्षार यंत्र गाळतं आणि या पाण्यात आणखी दाट करून सोडतं. ते पाणी फरशी पुसायला वापरा. कुंती पुढच्या पावसात धुऊन निघाली, पण चार रोपं एका बाजूनं वाळली ती वाळलीच. आंघोळीच्या पाण्यानं मात्र काही बिघडलं नाही.

ताण द्या, फूल घ्या

"तुमच्या कुंतीला एवढी फुलं कशी, आमची नुसती हिरवी," असं मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. उत्तर प्रत्येक मोसंबीवाल्याला पाठ आहे, फक्त अंगणात आल्यावर तो ते विसरतो. बहार धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो.

रोज थोडं थोडं पाणी पिणारी कुंती पानं काढत बसते. तिचं पाणी तोडलं आणि मग एकदम भरपूर दिलं की सगळी झुडपं एकाच वेळी कळ्यांवर येतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला हे निसर्गच करतो, उन्हाळ्याचा ताण आणि वर पाऊस. बाकीचे बहार आपण धरू शकतो.

माझी पद्धत अशी. रोप तीन वर्षांचं झाल्याशिवाय ताण नाही. गणपतीनंतर पाऊस ओसरला की पाणी बंद. काळ्या मातीत पंधरा ते वीस दिवस लागतात, मुरमाड जागी आठ-दहा. रोज दुपारी तीनच्या सुमारास जाऊन पानं बघायची. पान आधी मलूल होतं, कडा आत वळतात, चकाकी जाते. संध्याकाळी ते पुन्हा सरळ होतं. ज्या दिवशी संध्याकाळी सातलाही पान सरळ झालं नाही, तो ताण तोडायचा दिवस. आणखी ओढलं तर पानगळ होते आणि झुडूप फुलं सोडून जीव वाचवायच्या मागं लागतं. त्या दिवशी बुडाची माती खुरप्यानं दोन बोटं हलवायची, झुडपामागं अर्धं घमेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि लागोपाठ दोन दिवस पोटभर पाणी. मग नेहमीची पाळी.

तारखा मी जुन्या वेबिलांच्या, म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदांच्या, पाठीवर लिहून ठेवतो (रद्द झालेली कोरी वेबिलं आहेत, हिशोब चुकता आहे). त्यातली एक नोंद: ताण तोडला २ ऑक्टोबर, कळी दिसली १३ ऑक्टोबर, पहिलं फूल २१ ऑक्टोबर, सडा २३ला. दुसरा बहार मी जानेवारीच्या शेवटी धरतो, मोसंबीच्या आंबे बहाराच्या वेळेला. एप्रिल-मेमध्ये मुद्दाम ताण देऊ नका. त्या उन्हात चार दिवसांचा हिशोब चुकला तर झुडूप हातचं जातं.

फूल पाच पाकळ्यांचं, मोगऱ्याहून लहान, पाकळ्या मागं वळलेल्या. संध्याकाळी उमलतं, रात्री वास भरात असतो, सकाळी मधमाश्यांचा घों घों आवाज ओट्यावर ऐकू येतो. एक-दोन दिवसांत पाकळ्या गळतात. आमच्या घरी झाडणारीचं म्हणणं वेगळं आहे. "अहो, तुमचा बहार आला की माझी कंबर जाते," ती म्हणते. पण सडा झाडताना मधेच खराटा टेकवून उभी राहते आणि ओंजळभर पाकळ्या देवघरात नेऊन ठेवते, ते मी खिडकीतून बघितलेलं आहे.

कातरणी

बहार संपला की आठ दिवसांत कातरा. उशीर केला तर पुढच्या कळ्या कात्रीत जातात. पहिल्या दोन वर्षांत मन घट्ट करून दर वेळी शेंडे खुडा, नाही तर वर छत्री आणि खाली काड्या असं कुंपण तयार होतं. आकार खाली रुंद, वर अरुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन पोचतं. बहुतेकांचं नेमकं उलटं असतं, कारण कात्री वरच्या बाजूला सहज चालत नाही. माझं कुंपण तिसऱ्या वर्षी कमरेला लागलं, सहाव्या वर्षी डोक्याला. कडक उन्हात मोठी छाटणी नको, आतल्या फांद्यांची साल भाजते. जुनं लाकूड फार चिवट असतं, कुऱ्हाडीच्या दांड्याला चालेल असं, तेव्हा जाड फांदीला कात्री लावू नका, करवत घ्या.

पिवळ्या पानांचं थोडक्यात. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. आपल्या जमिनीत लोह असतं, चुनखडीमुळं ते मुळांना उचलता येत नाही. कृषी केंद्रात चिलेटेड लोह मागा आणि पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं आहे का ते बघा, आपल्या विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, जमिनीत मातीतून द्यायला तेच टिकतं. दुसरं स्वस्तातलं मातीतून दिलं तर बहुतेक वाया जातं. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर आधी पाण्याचा निचरा बघा, मग खत.

पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसणारी अळी पानावर दिसली तर ती फुलपाखराची. पुढं ती हिरवी होते, डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि घाण वास सोडते. नातवंडांना दाखवा आणि सोडून द्या. मोठं झुडूप तिला पुरून उरतं.

आता मोसंबी

पाव्हणा म्हणून आलेली नातलग घराला काय घेऊन येईल, हे आधी बघावं लागतं. मी ते उशिरा बघितलं.

घरचं कुंपण जमल्यावर २०१४ साली मी धाकट्या भावाच्या मळ्यात, मोसंबीच्या बागेच्या फाटकापाशी, घरच्या बियाची बारा रोपं लावली. चार वर्षांनी ती छातीएवढी झाली. फाटकातून आत जाताना वास यायचा, मला फार अभिमान. एका सकाळी भावाचा फोन आला, "दादा, मळ्यात या. आत्ता."

गेलो तर तो कुंतीपाशी उकिडवा बसलेला, हातात भिंग. मला म्हणाला, "हे बघा." आदल्या पंधरवड्यात मी शेंडे कातरले होते, त्यामुळं सगळीकडे लुसलुशीत नवी पालवी होती. भिंगातून त्या कोवळ्या डिऱ्यांवर चपटी, पिवळसर, तिळाहून लहान पिलं चिकटून बसलेली दिसली. अंगातून पांढऱ्या मेणाचे बारीक धागे बाहेर आलेले. शेजारच्या पानावर प्रौढ कीड होती, मातकट, ठिपक्यांची, डोकं पानाला टेकवून ढुंगण वर करून बसलेली. त्या बसण्यावरूनच ती ओळखू येते.

"सायला," भाऊ म्हणाला. "बागेत फवारून फवारून मी दमलो. काहून कमी होत नाही म्हणत होतो. तुमच्या कुंतीत वस्तीला आहे ना."

मी म्हटलं, "अरे पण झुडपाला तर काही झालेलं नाही."

"तिला काही होत नाही हो. माझ्या झाडाला होतं."

तो खरं बोलत होता. सायला अंडी घालते ती अगदी कोवळ्या पालवीवर, आणि कुंती वर्षातून अनेकदा पालवते, कातरली की आणखी पालवते. मोसंबीवर पालवी नसते तेव्हाही या किडीला कुंतीवर घर मिळतं. ही कीड रस तर शोषतेच, शिवाय ग्रीनिंग नावाचा जिवाणूचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. तो लागला की पानांवर वेडेवाकडे पिवळे चट्टे, फळ लहान, एका बाजूला कलंडलेलं, खालून हिरवंच. झाड बरं करणारं औषध नाही.

त्या रात्री भाचीला सांगितलं तर तिनं तिकडचं ऐकवलं. फ्लोरिडात ही कीड १९९८ला सापडली, रोग २००५ला. २००३-०४च्या हंगामात तिथं संत्र्याच्या २४ कोटींहून जास्त पेट्या निघाल्या होत्या. पुढं काही वर्षांनी तिनंच कळवलं, २०२२-२३ला दोन कोटींच्याही खाली. वादळांनीही झोडपलं, पण मोठा घाव या रोगाचा. तेव्हा मला तिचं व्हायबर्नमचं कुंपण कळलं. तिकडं कुंतीही होते, हवा तिला मानवते. पण संत्र्याच्या मुलखात कुंती लावताना हजार वेळा विचार करावा लागतो. व्हायबर्नमचं कुळ वेगळं, त्यावर सायला नांदत नाही. आपण मात्र व्हायबर्नम भाजून मारतो आणि मोसंबीच्या फाटकात कुंती लावतो.

बारा झुडपं मी स्वतः सब्बल घेऊन काढली, दोन दिवस लागले. जागेवर मेंदी लावली. मेंदीला आपलं ऊन, आपलं पाणी, सगळं चालतं, वास हवा तर तिच्या फुलालाही आहे.

तेव्हा नियम असा धरा. घराशेजारी किंवा शिवेला मोसंबी, संत्रं, लिंबाची बाग असेल तर कुंती नको, मेंदी लावा. गावात, बागांपासून दूर राहत असाल तर खुशाल लावा, पण कातरणी एका दिवसात सगळ्या कुंपणाची करा. आज चार, पुढच्या रविवारी चार असं केलं की कुठं ना कुठं कोवळी पालवी कायम राहते आणि किडीची पंगत उठत नाही. कातरल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी डिरे भिंगानं तपासा. पिलं दिसली तर तेवढे शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा, बाकीवर पाच टक्के निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायची. आठ दिवसांनी पुन्हा एकदा. झुडूप फुलावर असताना फवारणी बंद, मधमाश्या तिथंच असतात. घरात लिंबाचं एखादं झाड आणि कढीपत्ता असेल तर भिंग तिकडंही फिरवा, सायला कढीपत्त्यावरही येते.

भाऊ आता घरी आला की आधी कुंपणापाशी जातो, चहा नंतर. मागच्या खेपेला डिरा हातात धरून बराच वेळ बघत बसला. मी विचारलं, "हाय का काही?" तो म्हणाला, "नाही. वास घेऊन राहिलो."

फळं डिसेंबरात लाल होतात. बुलबुल आणि मी यांच्यात त्यांची स्पर्धा असते, तरी दोन-तीन ओंजळी हाती लागतात. गावातलं कुणी बी मागायला आलं तर मी फळं लगेच देत नाही, ओट्यावर बसवतो आणि विचारतो, बाग किती लांब?